सीमेपलीकडचा पगार

लोरेदाना पहाटे कोमोहून सीमा ओलांडते,
डब्यात कालचा भात, खिशात परवाना.
पगार फ्रँकमध्ये. फ्रँक वधारला
की घरी चार युरो जास्त येतात
आणि ती ते एत्तोरेला सांगत नाही.
तो याच डोंगरापलीकडे घड्याळांचे काटे कापायचा.
फ्रँक इतका वधारला, की काट्यांना
गिऱ्हाईक उरलं नाही.

भट्टीत ती अंगठ्या ओतते.
सोन्याला भाव आलाय, लोक विकतायत.
आतून कोरलेलं एखादं नाव, १९६१,
झिजलेलं एक ‘सदैव’.
भट्टीला कुठलीच लिपी वाचता येत नाही.

या महिन्यात तिसरी पाळी सुरू झाली.
मुकादम म्हणतो, बाजार घाबरलाय,
सगळ्यांना विटा हव्यात.
पडेल का बाजार? तिला काय ठाऊक.
भीतीचं वजन मात्र तिला पाठ आहे:
चारशे औंस.
उचलताना डावं मनगट दुखतं.

सुटताना बूट झटकायचे, केस विंचरायचे.
इथली धूळसुद्धा मोजून घेतात.

घरी एत्तोरे आधी तिच्या बोटाकडे बघतो.
अंगठी आहे.
मग पोलेंटा ढवळत राहतो,
उजवीकडून डावीकडे,
काट्यांच्या उलट.