साडेएकतीस अंश

वहीत पहिली नोंद : नर, एक. पंच्याऐंशी हजार.
पुढे बारीक अक्षरात : हप्त्यांनी.
त्या वर्षी सातपूरच्या माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानाला
नवं शटर लागणार होतं. लागलं नाही.

अंगावर काळी नक्षी, कोळ्यानं घाईत विणल्यासारखी,
म्हणून नाव जाळी.
मादी आधीपासूनची. तिला मालती म्हणते हळकुंड.
वनखात्याचा कागद फ्रेम करून भिंतीवर,
लोकांच्या घरी मुलांची सर्टिफिकेटं असतात तिथं.

पंचमीला शेजारच्या खैरनारकाकू वाटीत दूध घेऊन आल्या.
म्हटलं, काकू, हे आफ्रिकेकडचे, यांना पंचमी ठाऊक नाही,
आणि दूध तर आपल्याकडचेही पीत नाहीत.
काकूंनी वाटी ओट्यावर ठेवली :
मग तुम्ही घ्या चहाला.

खर्च म्हणजे काय, ते नंतर कळत गेलं.
फ्रिज वेगळा; मटारशेजारी गोठलेले उंदीर
मालतीनं तीन महिने सोसले, चौथ्यात नाही.
डॉक्टर पुण्याला.
उशीच्या अभ्र्यात साप, मांडीवर अभ्रा,
आणि शिंद्याच्या टोलनाक्यावर काचेतून उगाच हसायचं.

मग अंडी. सहा, एकमेकांना चिकटलेली.
साडेएकतीस अंश, साठ दिवस.
जन्मभर मोटारी गुंडाळल्या, तांब्याची तार मला ओळखते,
पण त्या डब्यातल्या काट्यापुढं
मी पहिल्या दिवशीच्या पोऱ्यासारखा उभा.

जानेवारी संपताना, अकराव्या रात्री, लाइट गेली.
दोन वाजता इन्व्हर्टरनं मान टाकली. बाहेर सात अंश.
तिकडे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील;
इकडे पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही दोघं गरम पाण्याच्या बाटल्या डब्याभोवती लावतोय,
पातेलं उतरव, पातेलं चढव,
घरात बाळंतीण असल्यासारखं.
हे दोघांनाही सुचलं. बोललं कुणी नाही.

पाच फुटली. एक वाळून गेलं.
पाचांत एक बापाच्या वळणाचं, त्याच्याहून देखणं,
आणि तेच मान उलटी करतं.
समोर उंदीर धरला की तोंड छताकडे,
झडप हवेवर, कधी स्वतःच्याच अंगावर,
पुन्हा, पुन्हा.
डॉक्टर म्हणाले, नक्षी आणि ही चकरी एकाच गाठीत येतात,
एक सोडून दुसरी मिळत नाही.

जाळीची मानही थोडी हलते.
घेताना मी पाहिलं होतं ते.
विकणारा म्हणाला, थंडीनं.
मला ते पटायला हवं होतं.

एप्रिलात निहार पगार आला. बावीस वर्षांचा.
बूट बाहेर काढून आत आला, पोरगा वाईट नाही.
बोट नेमकं त्याच्यावरच ठेवलं : चाळीस देतो, आत्ता.
शटरचा भाव आता बेचाळीस आहे.
विचारलं, सप्टेंबरात कुठं असशील?
कॅनडा.
आणि हा?
मम्मी बघेल ना.
मम्मीला विचारलंस?
त्यानं मोबाइल उलटा केला, सुलटा केला.
म्हटलं, हा तुझ्या पन्नाशीपर्यंत जगेल.
चहा घेऊन गेला.

त्याचं वय मोजताना माझंही मोजलं गेलं.
एकोणपन्नास अधिक तीस.
रात्री वहीत नवं पान काढलं : माझ्यामागे कोण?
मालती म्हणाली, माझं नाव लगेच लिहू नका.
बऱ्याच वेळानं अंधारातून : पेन्सिलीनं लिहा.

जाळीचा डबा आता वरच्या फळीवर, हळकुंडाचा खाली.
हे त्यांना एकत्र आणायचे महिने. मी आणत नाही.
शनिवारी चिमट्यात उंदीर धरून ओणवा होतो.
ते पिल्लू छताकडे बघतं.
मी घाई करत नाही,
त्याला जिकडे खाली वाटतं
तिकडे हात नेतो.