सतरावी लेव्हल

पाणी पावणेपाचला येतं.
पप्पा सव्वाचारलाच मोरीच्या उंबऱ्यावर येऊन बसतात,
नळाला पाइप लावून, मांडीवर माझा जुना मोबाइल,
आवाज बंद.
भांडुपच्या टेकडीवर त्या वेळी
आमच्या घरात फक्त त्यांचा चेहरा उजळलेला असतो,
निळा, बराच वेळ निळा,
मग लाल.
लाल म्हणजे मेले.

सतरावी लेव्हल मी बनवलीय.
हे त्यांना माहीत नाही. मी ऑफिसात
कॉम्प्युटरचं काहीतरी करते, एवढंच ते शेजारी सांगतात.
मालाडच्या काचेच्या इमारतीत
अकरा दिवस खपून मी तो झुलता पूल बांधला.
नऊ फळ्या. सातवी खोटी.
आठवीवरून उडी मारायला बोटाला मिळतो
एका सेकंदाचा पाचवा हिस्सा.
एल्टन म्हणाला, जरा सैल कर गं, लोक वैतागतील.
मी म्हटलं, वैतागू देत की.
फुकटात पार झालं तर त्याला पार होणं म्हणायचं का?

तरी बटण आलंच, माझ्या नाकावर टिच्चून.
दहा वेळा मेलात की खाली कोपऱ्यात उगवतं:
ही लेव्हल सोडून पुढे जा.
मी भांडून त्याचा रंग तेवढा राखाडी करून घेतला,
दाबणाऱ्याला किंचित लाज वाटेल
इतपत राखाडी.

पप्पांच्या उजव्या अंगठ्याला वरचं पेर नाही.
कांजूरच्या कारखान्यात, लेथवर गेलं, मी तिसरीत असताना.
उरलेला अंगठा काचेवर पडतो तो
पाटावर सोंगटी ठेवावी तसा.
पाचवा हिस्सा त्याला पुरत नाही.
आमच्या तक्त्यात एक सरासरी खेळाडू होता,
त्याची दहाही बोटं शाबूत होती
आणि झोप पूर्ण झालेली.

एकोणीस दिवस.
सातव्या फळीला ते आता नावानिशी शिवी देतात,
दबक्या आवाजात, आई जागी होऊ नये म्हणून.
आठवीवर मरतात.
बटण उगवतं, ते ढुंकून बघत नाहीत,
आणि मी अंथरुणातून बघत
मनातल्या मनात एल्टनला म्हणते, बघ, याला म्हणतात खेळाडू.

विसाव्या पहाटे राहवलं नाही.
पप्पा, दाबा ना ते बटण.
कसलं बटण?
हे काय, खाली.
त्यांनी मोबाइल नाकाशी धरला, लांब नेला, तिरका केला.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात सुरुवात.
अगं, हे आहे होय! मला वाटलं स्क्रीनला डाग पडलाय.
आणि दाबलं.
लाज नाही, काही नाही,
रस्ता खणलेला दिसला की माणूस गल्लीतून जातो, तसे गेले.
पलीकडे एल्टनचं कुरण होतं, त्यात बदकं.
पप्पा बदकांना हसले.

आता सव्विसावर आहेत.
परवा चहा पिताना म्हणाले,
तो पूल ज्यानं केला ना, त्याचं फिनिशिंग चांगलं आहे.
पण टॉलरन्स फार कमी ठेवलाय.
असा जॉब ड्रॉइंगवर शोभतो.
मी बशी विसळायला उठले.

रात्री अंगठा मुठीत दुमडून,
पेराच्या सांध्यानं खेळून पाहिलं.
मला सगळं ठाऊक, कुठली खोटी, कधी उडी.
चौदा वेळा मेले.
माझ्याच राखाडी बटणावर
सांधा ठेवला, आणि उचलला. का उचलला, सांगता येत नाही.
सोमवारी एल्टनला काय सांगायचं तेही ठरलं नाही.
रंग बदल म्हणेन. रंग तरी.

आज जाग आली तेव्हा मोरीत पुन्हा निळा, मग लाल.
वाकून पाहिलं तर
सव्वीस सोडून, मागे येऊन, तोच पूल.
पप्पा, हे कशाला आता?
नळानं खाकरून थोडी हवा सोडली.
ते मान वर न करता म्हणाले,
पाण्याला अजून वेळ आहे.