कागदाखालचं

सकाळी सात ते साडेदहा, एवढीच वेळ खरी.
नंतर ऊन चढतं, कागद फुगतो,
त्याच्यावर लाटा येतात
आणि यंत्र लाटेवर चढलं की शिवण वाकडी जाते.

शेततळ्यावाले याला कागद म्हणतात, म्हणून आम्हीही.
काळा, दीड मिलिमीटर जाड.
गुंडाळी उलगडायला सहा माणसं लागतात
आणि सहाव्याला नेमका तेव्हाच फोन येतो.

गोकुळ शिरगावात, फाउंड्रीच्या मागच्या अंगाला
दोन टाक्या: एक फर्नेस ऑइलची, एक डिझेलची.
भोवती कमरेएवढी भिंत.
मोठी टाकी फुटलीच तर सगळं तेल आत मावावं,
वर दहा टक्के जागा उरावी.
मगदूमसाहेबांनी हिशोब तीनदा केला.
तिन्ही वेळा त्यांच्या वहीत टाकी फुटली
आणि एक थेंब बाहेर गेला नाही.

मी शिवणवाला.
काठावर काठ चार बोटं चढवायचा,
मधून तापली पाचर चालवायची,
मागं दोन रेघा उमटतात, त्यांच्यामधे पोकळ वाट.
बायको कळंब्यात ब्लाउज शिवते. तिचं म्हणणं,
अस्तर आधी भिजवून, वाळवून घ्यावं.
दिसत नाही म्हणून तसंच लावलं
की पहिल्या धुण्यात ते आटतं
आणि वरचं कापड ओढून घेतं.

कागदाआधी जमीन तासली होती.
वीतभर खाली गेलो तर माती काळी,
बोटाला चिकटणारी.
तौफिकनं ढेकूळ नाकाशी नेलं.
"दादा, हे जुनं हाय."
अजून वीतभर गेलो. तसंच.
मगदूमसाहेब काठावर उभे होते, हेल्मेट काखेत.
"किती खाली जाणार? आपलं टेंडर वरचं आहे.
मुरूम टाका, रोलर फिरवा, फेल्ट अंथरा."
रोलर मीच फिरवला.

कंपाउंडच्या पलीकडं बनूआक्काचा चहाचा गाडा,
गाड्यामागं तिची विहीर.
सहा वर्षं झाली, तिचं पाणी
कप विसळायलाही घेत नाही ती.
टँकर येतो. रहाटाला दोर मात्र नवा आहे.
"एवढी चादर कशापायी रं?"
"तेल सांडलं तर खाली मुरू नये म्हणून, आक्का."
"आन् मुरल्यालं?"
मी म्हटलं, साखर जरा कमी झाली आज.

शिवणीच्या पोकळ वाटेत हवा भरली,
दोन्ही टोकं बंद केली, पाच मिनिटं घड्याळ धरलं.
काटा जागचा हलला नाही.
पाइपाच्या बुडाशी, कोपऱ्यात,
साबणाच्या पाण्यावर एक बुडबुडा आला, मोहरीएवढा.
गुडघ्यावर बसून तेवढं खरवडलं,
वरून तापलेला धागा ओतला,
पुन्हा साबण लावला. गप्प.
मुंबईहून आलेल्या साहेबांनी
बूट काढून, मोज्यांवर, सगळा कागद चालून पाहिला
आणि दुसऱ्या कागदावर सही केली.
जमिनीचा रकाना त्यात होता.
"पृष्ठभाग समतल व कोरडा." खरंच होता.

निघताना आक्का म्हणाली,
"उरल्यालं हाय का काय?
हिरीवर झाकायला. शेरडाची पिल्लं वाकून बघत्यात."
चार हात तुकडा होता. कमी पडला.
दुसरा जोडला, हातयंत्रानं,
भर दुपारी, लाटा असताना.
टाकण्याआधी आत वाकून बघितलं.
पाण्यावर मोरपंखी तवंग,
त्यात माझं तोंड, हिरवं, जांभळं,
जरा हलणारं.

तौफिकनं कडेनं दगड ठेवले.
आक्कानं शिवणीवरनं अंगठा फिरवला.
"पक्की हाय न्हवं?"
"पक्की."
तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत.