सावली सरकते तशी

वीस वर्षं मी कॉडची डोकी छाटली.
कारखाना बंद पडला तेव्हा हातांना दुसरं काही येत नव्हतं,
तरी टेकडीमागच्या बालवाडीने घेतलं मला,
हातमोजे चढवायला, नाकं पुसायला
आणि रांगेच्या शेवटी चालायला.

बालवाडी म्हणजे तीन बर्चची झाडं, एक ओढा,
शेकोटीची काळी जागा, अवजारांची खोली,
आणि एक पत्र्याचं छप्पर, ज्याखाली कुणी थांबत नाही.

पहिल्या आठवड्यात मी नुसती ओरडत होते.
पडशील. भिजशील. थुंक ते आधी.
मुख्य बाई रागन्फ्रिड एकदाच म्हणाली,
"ओडलॉग, दहापर्यंत मोज. मग ओरड."
मोजायला लागले.
बहुतेकदा सहावरच पोर उठून उभं असायचं,
गुडघे झटकून पुढे निघालेलंही.

एइरिल चिखलाचे पाव विकते.
एका पावाला दोन शिंपले, उधारी बंद.
तार्येईने एका कोळ्याला सालीच्या होडीत बसवून
ओढा पार करवला.
मी सहज विचारलं, त्याला पलीकडे जायचं होतं का?
तो बराच वेळ गप्प.
मग बुटांत पाणी भरेपर्यंत आत शिरला
आणि कोळ्याला परत आणलं.

आणि आस्लाक, चार वर्षांचा, मोजून बोलणारा.
एप्रिलच्या एका सकाळी त्याने डबक्यावरचा बर्फ उचलला,
ताटाएवढा, अख्खा,
आत मागच्या वर्षीचं बर्चचं पान.
त्यातून त्याने सूर्य पाहिला, मग मला पाहिलं.
पलीकडून मी कशी दिसले कोण जाणे,
पण हसला.
बाबाला दाखवायला म्हणून त्याने तो
आपल्या कप्प्यात ठेवला, लोकरी टोपीवर, जपून.

मला माहीत होतं काय होणार.
रागन्फ्रिडलाही माहीत होतं.
आम्ही दोघी गप्प राहिलो,
आणि ते गप्प राहणं मला मासे कापण्यापेक्षा जड गेलं.

दुपारी कप्प्यातून थेंब थेंब.
टोपी ओलीचिंब. पान तेवढं उरलेलं.
तो रडला नाही. त्याने पान हुंगलं.

दुसऱ्या दिवशी घरून दुधाचा रिकामा खोका आणला,
ओढ्याचं पाणी भरलं, पान आत सोडलं,
अवजारांच्या खोलीमागे ठेवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
रात्र उबदार निघाली. सकाळी पाणीच.
त्याच्या पुढच्या रात्रीही पाणीच.
तिसऱ्या दिवशी त्याने खोक्याचं तोंड डोंगराकडे वळवलं.
"थंडी तिकडून येते," म्हणाला.
त्या आठवड्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

चौथ्या रात्री पाणी गोठलं.
आणि चौथ्या दिवशी आस्लाक आला नाही. ताप.

आभाळ निरभ्र, ऊन कडक.
मी डोळ्यांत तेल घालून त्या खोक्यामागे लागले.
खोलीची सावली साडेदहाला संपली.
मग पिंपाआड ठेवला. मग बर्चच्या बुंध्याशी,
पण बुंध्याची सावली ती किती, हातभर,
आणि दर थोड्या वेळाने आपली निघालेली.
एइरिलने तिचं दुकान हलवून एक फळी दिली,
फुकट.
याच बेटावर जन्मले मी, एकोणपन्नास वर्षं झाली.
सूर्य कुठून कुठे जातो, हे मी
त्या दिवशी पहिल्यांदा पायांनी मोजलं.

तीनला त्याचा बाप आला, ओले बूट न्यायला.
रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो तो,
दार उघडलं की आत भट्टीसारखी ऊब.
मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका पुढे केला.
"त्याला सांगा, पान आतच आहे."
त्याने काही विचारलं नाही.
खोका पायांशी ठेवला, हीटर बंद केला,
दोन्ही काचा खाली घेतल्या,
आणि कोटाची कॉलर वर करून
हळूहळू घराकडे निघाला.