भवानी

"टीचर, हकस्टर म्हणजे?"
रिद्धेश भोईरनं पेन्सिलीनं शब्दाभोवती गोल केलाय.

भामटा, मी सांगते. मग म्हणते, थांब, खोड.
भामटा गुपचूप हात मारतो,
हा तर भोंगा लावून बोलावतो.
फेरीवाला? छे. आपल्या खालचा फुलवालाही फेरीवालाच,
त्यानं कधी शिळी शेवंती बांधली नाही.
खरं तर नेमकं नामच सापडत नाही.
क्रियापदं मात्र पोतंभर:
टोपी घातली, शेंडी लावली.
दोन्ही फसलेल्याच्याच डोक्यावर.
फसवणारा वाक्यात नसतोच,
त्यानं केव्हाच गाशा गुंडाळलेला.

मला मात्र तो दिसतो.
ठाणे-बेलापूर रोड, तुर्भ्याच्या अलीकडे,
सात तारीख, कंपन्यांचा पगार झालेला,
हवेत अ‍ॅसिडचा वास
आणि उलट्या ट्रंकेवर रंजनशेठ.
शेठ कसला, ट्रंक तेवढी त्याची.
हातात सोलणी. दुधी फिरवायचा,
साल उतरायची एका दमात, न तुटता,
हिरवी लांब फीत थेट चपलेपर्यंत.
"जर्मन पातं, माउली! आजच्या दिवस पाच रुपये!"

माणसं बघायची. खिशात हात घालायची,
तो तिथंच ठेवायची.

तेव्हा मागून एक बाई पुढं यायची,
कडेला नऊ वर्षांची पोर,
पदराची गाठ सोडत म्हणायची,
"मागल्या महिन्यात नेलेली. लई चांगली. अजून दोन द्या."

भवानी झाली की मग झुंबड.
ट्रंकेतल्या सोलण्या पत्र्याच्या,
बटाट्यावर नुसता ओरखडा उठायचा,
तोही ज्याच्या त्याच्या घरी गेल्यावर.

अंधार पडला की पाणपोईमागे
आई त्या दोन सोलण्या परत करायची.
वर वीस रुपये मिळायचे.
माझी फी त्यातलीच, सहामाहीची.
मला एकच काम होतं:
भूक लागली असं म्हणायचं नाही,
आणि शेठला ओळख द्यायची नाही.

एका सात तारखेला तो आलाच नाही.
कुणी म्हणालं कल्याणला मार खाल्ला,
कुणी म्हणालं सुरतेत दुकान टाकलं.
त्याआधीच्या रात्री आईच्या पिशवीत
कागदात गुंडाळलेली एक सोलणी निघाली.
पत्र्याची नव्हती. त्याच्या हातातली.

आई गेली. सोलणी आहे,
कोपरखैरण्याच्या या ओट्यावर, खिळ्याला.
छत्तीस वर्षांत धार लावावी लागली नाही.
जर्मन असेल. मी कधी पातं उलटून पाहिलं नाही.

"टीचर, मग काय लिहू?"
डिक्शनरीत एकच माणूस दिलाय.
जो विकतो, तो.

मी म्हणते, जागा सोड.
दोन ओळींची सोड.