निसणा

आचऱ्याच्या खाडीअलीकडे एक विहीर, पलीकडे एक.
दोन्हींच्या तळाशी पांढरा वालुकाश्म.
रंग तोच, खरखर तीच.
माझ्या आधीच्या माणसाने नकाशावर
दोघींना एकाच पिवळ्या पट्ट्यात घातलं
आणि मग चहा घेतला असावा.

मी दोन्हीकडच्या चकत्या काचेवर चिकटवून घासल्या,
घासत राहिले, खालच्या वर्तमानपत्राचं अक्षर दिसेपर्यंत.
सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवली.
अलीकडचे गारेचे कण एकदम मिटतात,
वीज गेल्यासारखे.
पलीकडच्यांच्या अंगावरून काळोख
सावकाश सरकतो, मळ्यावरून ढगाची सावली जावी तसा.
फार खोल, कधीतरी, कुणीतरी त्यांना पिळलं होतं.
शिवाय त्यांच्यात टूर्मलीन आहे, हिरवट तपकिरी,
झिजून गोल झालेलं,
आणि त्या गोलाईवर पुन्हा फुटलेली कोवळी कड.
म्हणजे एकदा दगड होऊन, सुटून, वाहून, परत दगड.
त्याचा पहिला डोंगर आता कुठेच नाही.
वरच्या काळ्या कातळाला विचारून उपयोग नाही,
तो फार उशिरा आला.

साबाजी मेस्त्री, दोन्ही विहिरी त्यानेच खणलेल्या,
पायरीवर बसून कोयता पाजळत होता.
"बाय, तुमचो गाव खयचो?"
मी वडिलांच्या बदल्या सांगितल्या:
भुसावळ, उदगीर, पुन्हा भुसावळ.
"ता नाय. मूळ."
आजोबांच्या मागचं नाव मला येत नाही.

त्याचा निसणा पांढरा होता.
आजीने आणलेला, म्हणाला, आणि आम्ही सगळे
देवाच्या कौलापासून अलतडीचे.
तुकडा मागितला तर कोपरा पुढे केला,
"मधी नको हां, धार थयच लागता."

त्या रात्री, लॉजच्या टेबलावर,
तबकडी फिरवली आणि काळोख
सरकत आला, सावकाश.
एका कणाला कोवळी कड.
मी पिवळ्या पट्ट्यावर खाडीपाशी फुली मारली,
मग बराच वेळ पेन्सिल हातातच.

सकाळी त्याला सांगितलं, दगड पलतडीचो.
त्याने तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
खाडीकडे पाहिलं, भरती चढत होती.
"तरीच," म्हणाला, "आजयेक पोवाक येय."