वळसा

माझ्या गॅरेजात गाडी नाही.
बारा फुटांची चौकट आहे, तिच्यावर
रुळांवरून मागेपुढे पळणारं शिलाईचं मशीन.
सस्कॅचेवानचा फेब्रुवारी, बाहेर उणे एकतीस.
ओरेस्ट हॉरिलक दारात बूट आपटतो,
उशीच्या अभ्र्यातून गोधडीचा वरचा थर काढतो.
तीनशे चोवीस चौकोन, सगळे बाटिकचे,
जोडलेत त्याने स्वतःच,
चाळीस हंगाम कंबाइनचं चाक धरलेल्या हातांनी.
कोपरे जुळलेत.
जिथे नाहीत, तिथे तो आधीच बोट ठेवून मोकळा.

मी नमुन्यांची वही उघडते.
पिसं, वेली, शिंपले, गारगोट्या.
हे बघ, मी म्हणते, बाटिक म्हणजे बोलघेवडं कापड.
तिकडे जावात कुणीतरी मेण लावलं, रंगात बुडवलं,
उकळून मेण काढलं, पुन्हा लावलं;
आता जांभळ्यात तपकिरी, तपकिरीत शेवाळी.
त्यावर मी कितीही सुबक पीस काढलं
तरी पाचोळ्यात सुई पडावी तसं होणार.
दिसेल ते मागून, साध्या अस्तरावर.
शिवाय वीण घट्ट.
चुकलेला टाका उसवता येतो,
त्याचं भोक उसवता येत नाही.
तेव्हा आधी ठरव.

तो वही मिटतो, माझ्याकडे सरकवतो.
बियाण्याच्या जुन्या पावतीच्या पाठीवर
पेन्सिलीने काढलेलं शेत.
"कडेने सुरू कर. तारेला लागून एक फेरी,
मग आत, मग आणखी आत.
रेघ तोडायची नाही. डिझेल काय फुकट येतं?
इथे दगडांचा ढीग, बापाने वेचलेला.
इथे विजेचा खांब, थोरल्याने एकदा ठोकलाय.
आणि ही पाणथळ."

पेन्सिल तिथे जास्त दाबलेली.

"आता नाहीये ती. एक्क्याऐंशीत मीच चर खणून आटवली.
सात एकर मिळाले.
काही वर्षं गहू आला, मग मीठ वर आलं.
पण तू वळसा घाल."

मी दोऱ्याची रिळं कापडावर मांडते.
निळा तो नाकारतो, पांढरा मी.
शेवटी ओल्या काडीचा रंग,
जो सगळ्याच चौकोनांवर थोडा थोडा विझतो.

बुधवारी मला फोन करावा लागतो.
कापसाच्या पाकिटावर स्पष्ट छापलंय:
दोन टाक्यांमध्ये आठ इंचांहून जास्त अंतर नको,
नाहीतर धुताना आत गोळे होतात.
तुझी पाणथळ एकोणीस इंच आहे, ओरेस्ट.
मध्ये लाटा काढू का बारीक?
"वारा नसायचा तिथे."
मग साडेसातवर आणते.
पलीकडे किटली शिटी मारते, कुणी उतरवत नाही.
"म्हणजे पुन्हा आटवायची."
थोडीशी.
"बदकं मावतील एवढी ठेव."

चार दिवस मी नांगरल्यासारखी फिरते.
कडेने, मग आत. दगडांपाशी हँडल उजवीकडे,
खांबापाशी डावीकडे, जिथे थोरल्याला जमलं नव्हतं.
बॉबिन संपते तेव्हा मीही धान्य उतरवायला थांबल्यासारखी
कॉफी पिते, मान मोडते.
पाणथळीजवळ वेग कमी करते,
का ते मशीनला कळत नाही.

मार्चमध्ये तो येतो. मी गोधडी टेबलावर पसरते:
तेच रंग, तेवढीच बडबड,
एकही टाका डोळ्याला लागत नाही.
उलटी करू? मी विचारते, मागे सगळं स्वच्छ दिसतं.
"थांब."
चष्मा काढून तो खिशात घालतो,
कडेपासून तळहात सरकवत नेतो,
ढिगाला वळसा, खांबाला वळसा,
आणि त्या फुगलेल्या, रिकाम्या जागेवर थांबतो.
दाबतो.
हात उचलतो. कापूस हळूहळू वर येतो.
पुन्हा दाबतो.

मग म्हणतो, किती झाले तुझे?